चातुर्मासाचं जळण



गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या चौक्यात पेटत्या लाकडातून मुंग्या भराभर बाहेर आल्या. पाणी तापत होतं, भाजी चिरून झाली होती, पण त्या बाईंचे हात पुढे चालेनात. यंदा चातुर्मास आमच्या गावात आहे. घरात गॅस असला तरी आमच्या चौक्याची चूल आणि बंब लाकडावरच.

पौषात बांधावरची बाभळ आणि शेजारचा शेवगा विजेच्या तारांना लागत होते म्हणून तोडावे लागले. पंधरा कर्मादानांत वनकर्म का येतं, ते झाड कोसळताना पाहिलं की कळतं. घरटं नाही, एवढं आधी बघून घेतलं होतं.

बाभळीची साल काळपट, उभ्या खोल चिरांची. आतला गाभा तांबूस आणि जड. निखारा छान टिकतो. शेवगा भेंडासारखा हलका, भसकन जळून जातो; तो बंब पेटवायला. चिंचही चांगली जळते, पण फोडणाऱ्याचा घाम काढते. कण्हेरीची मात्र काडीसुद्धा चुलीत नको, तिचा धूरही विषारी. वाळल्यावर ती ओळखू येत नाही, म्हणून बागेतली छाटणी जळणात मिसळायचीच नाही.

फोडायचं ते ओलं असतानाच. वाळलेल्या बाभळीवरून कुऱ्हाड उडते. आमचा गडी ओंडक्याच्या टोकाची भेग बघून तिथेच पाचर बसवतो आणि घणाचे घाव घालतो. गाठ आली की तिच्या कडेकडेनं ढलप्या काढतो. माझा हट्ट एकच, साल सोलायची. भुंगेरे सालीच्या आडोशानं अंडी घालतात आणि बाहेरचं फिकट लाकूड पोखरतात. गड्याला हे रिकामं काम वाटलं. मी मजुरी वाढवून दिली, वाद मिटला.

वखारीतून वजनावर घेणाऱ्यांसाठी थोडा हिशेब (कॉमर्सची सवय जात नाही). ओल्या लाकडात तिसरा हिस्सा पाणी धरा, म्हणजे 300 किलोत 100 किलो पाण्याचे पैसे मोजले. शिवाय ते पाणी उडवायला लाकूडच जळतं आणि डोळे आपले जातात.

रचताना खाली दगड ठेवून वीतभर उंची दिली, नाहीतर वाळवी लागते. मध्ये वाऱ्याला फटी, वर पत्रा, बाजू उघड्या. प्लास्टिकनं गुंडाळू नका. आत घाम धरतो, बुरशी येते, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय. टोकांना भेगा पडल्या आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर ठण्ण वाजल्या की वाळलं. ओलं लाकूड ठप्प बोलतं.

तरी चुलीत घालण्याआधी शोधन हवंच, तेही सूर्योदयानंतर, उजेडात. ढलपी फरशीवर हलके आपटायची. भोकातून पिठासारखा भुसा गळला तर आत कीड आहे असं धरायचं. जाऊबाई म्हणतात, "उन्हात टाका, जातील निघून." अळी कुठे जाणार? ती आतच होरपळेल. असं लाकूड मी बांधावरच्या जांभळाखाली सावलीत ठेवते. आतापर्यंत सतरा ढलप्या तिथे गेल्यात. सून म्हणते, "आई, लाकडापेक्षा हीच रास मोठी व्हायची." होईना का. बाकीचं ज्येष्ठात पुन्हा एकदा झटकून पडवीत घेणार आहे.