बार्टोकचं चौथं क्वार्टेट

ती. मामा,


बार्टोकचं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि विचारलंत, 'यात कानाला विसावा कुठे आहे?' प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विसावा आहे, अगदी मधोमध. 1928च्या या रचनेचे पाच भाग. पहिला आणि पाचवा एकाच बीजातून निघालेले. दुसरा आणि चौथाही तसेच जोडीचे. मधला तिसरा भाग एकटा, संथ. त्यात दोन्ही व्हायोलिन आणि व्हायोला एक स्वरसमूह धरून ठेवतात, आधी स्थिर, मग आंदोलन देत. त्याच्या खालून चेलो आलापासारखा मोकळा गात राहतो. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. मग दुसरा आणि चौथा लागोपाठ ऐका. दुसऱ्यात लगतच्या अर्धस्वरांत दाटलेली चाल चौथ्यात ऐसपैस पसरते. चौथ्यात कुणीच गज वापरत नाही. सगळं बोटांनी छेडलेलं. काही ठिकाणी तार इतकी ओढतात, की ती सुटून पट्टीवर कडाडते. तबल्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला तो आघात आवडेल.

तुम्हाला खटकला तो स्वरांचा कर्कशपणा. पण तो मनमानी नव्हे. 1906च्या सुमारास बार्टोक आणि त्याचा सहकारी संगीतकार कोदाय फोनोग्राफ घेऊन हंगेरीतली खेडी फिरले, मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी उतरवून घेतली. शहरी संगीतातल्या मेजर-मायनरच्या चौकटीत ती गाणी मावत नव्हती. त्यांच्यामुळेच आपण त्या चौकटीतून सुटलो, असं बार्टोकने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्या आधुनिकतेचं मूळ असं खेड्यातल्या म्हाताऱ्या गळ्यांत आहे. चौकट गेली, की बाराही स्वर जवळ-जवळ उभे राहू शकतात. ती जवळीकच आपल्याला टोचते. मला मात्र त्या टोचण्यात खरेपणा वाटतो. गोडव्यासाठी त्याने काहीही गुळगुळीत केलेलं नाही.

लयीचंही तेच. 1934च्या पाचव्या क्वार्टेटमधला तिसरा भाग बल्गेरियन लोकलयीत आहे: नऊ मात्रा, 4-2-3, आणि चाल द्रुत. समान विभागांना सरावलेल्या युरोपीय वादकांना ते अवघड गेलं असेल. झपताल आणि रूपकात वाढलेल्या तुमच्या हाताला जाऊ नये.

चौथं एकदा अशा क्रमाने ऐकून झालं, की पाचवं लावा आणि हातावर मोजा. तरीही नाही आवडलं, तर तसं स्पष्ट कळवा. का नाही आवडलं, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची