अवसेची रात्र आणि पाच कोटी वर्षांचा धूर

फोटोत दिसतं तसं काहीही दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते. गुलाबी-निळे तेजोमेघ नाहीत, रंगीत भोवरे नाहीत. दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावला की दिसतो एक राखाडी डाग, आणि तोसुद्धा खरंच आहे की भास होतोय अशी शंका यावी इतका पुसट. तरी त्या राखाडी डागांनी मला सबंध रात्र माळावर उभं ठेवलं, आणि आता भेटेल त्याला धरून मी हेच सांगत सुटलेय. ऐकणाऱ्यांची दया येते, पण माझा इलाज नाही.

मैत्रिणीचे मामा सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात राहतात. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. गावात अजूनही 'गुरुजी'च. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. पाऊस कमी, हवा कोरडी, आभाळ मोकळं. शेतकऱ्याला जे छळतं तेच आकाश बघणाऱ्याच्या पथ्यावर पडतं, हे मामांनी स्वतःच बोलून दाखवलं. फाल्गुनातली अमावास्या होती, दुसऱ्या दिवशी पाडवा. मामी गुढीची काठी धुऊन ठेवत होत्या. "अवसेच्या रातीला पोरींना घेऊन माळावर निघालाय, लोक काय म्हणतील!" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणताच त्यांनी थर्मासात चहा भरून दिला.

दुर्बीण बघून मी थोडी हिरमुसले. पांढरी चकचकीत नळी, तिच्याखाली तिपाई, असं काहीतरी डोक्यात होतं. समोर आलं ते प्लायवूडचं खोकं आणि त्यात बसवलेलं जाड पुठ्ठ्याचं नळकांडं. हिला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण संघाच्या मठात संन्यासी होते. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे बनवायचे आणि आसपासच्या लोकांना आकाश दाखवत फिरायचे. हा नाद मठाला मानवला नाही, १९६७मध्ये त्यांना बाहेर पडावं लागलं. मग त्यांनी सरळ फुटपाथवरच दुर्बिणी मांडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून चंद्र दाखवणारा संन्यासी! मला हा माणूस फार आवडला.

आणि मामांनी आपला आठ इंची आरसा स्वतःच्या हातांनी घासलाय. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत आरसे घासायला शिकवणाऱ्या कार्यशाळा होतात, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीतही नव्हतं. काचेवर काच ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि घासत राहायचं. पूड बारीक बारीक करत न्यायची, शेवटी पॉलिश. बाक किती अचूक यायला हवा? मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाइतका! आणि तो तपासायचा कशाने, तर एक छोटा दिवा आणि ब्लेडची धार. पडवीत बसून, हातांनी, प्रकाशलहरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी अचूकता. अंधारात पूर्ण उघडलेल्या बाहुलीपेक्षा हा आरसा आठशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. त्या खोक्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा जरा अदबीनेच पाहिलं.

माळावर पोचल्यावर पहिला हुकूम: मोबाईल बंद करून पिशवीत. डोळ्यांना अंधार सरावायला किमान वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत पडला की सगळी मेहनत पाण्यात. मामांच्या टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला होता, कारण अंधुक लाल उजेडाने डोळ्यांची ही तयारी फारशी मोडत नाही. आम्ही नुसते बसून राहिलो. टिटवी ओरडत होती. आणि हळूहळू, कुणी वरून तारे ओतत असावं तसं आकाश भरत गेलं. पुण्यात मी जे बघते ते आकाश नव्हेच.

सुरुवात मृगापासून. चार पाय, पोटात घुसलेला बाण, मागे व्याध. हे आजीने दाखवलेलं होतं. पण बाणाच्या जरा खाली एक धूसर ठिपका आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मामांनी नळकांडं हाताने ढकलून तिकडे वळवलं (मोटर नाही, संगणक नाही, नुसता हात), आणि मी वाकले. पसरलेले पंख! मधोमध चार तारे, एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्याभोवती धुक्याचे पदर, एका बाजूने काळ्या खाचेने कातरलेले. किंचित हिरवट झाकसुद्धा होती, शपथेवर सांगते. तिथे आज, आत्ता, तारे जन्माला येताहेत. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा इकडे बदामीचे चालुक्य राज्य करत होते. मी बाजूला होईना म्हणून मैत्रिणीने मला ढकललं.

मग सप्तर्षी. शेपटाच्या टोकाचा मरीची, त्याच्याजवळ मेसिये ५१, म्हणजे मेसिये या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला एक्कावन्नावा. मी बघितलं, काही नाही. पुन्हा बघितलं, तरी काही नाही. मामा म्हणाले, "त्याच्याकडं बघू नकोस बाळ. त्याच्या शेजारी बघ."

रात्रभरातलं सगळ्यात मोठं गुपित हेच. डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध अंधारात बघणाऱ्या पेशी नसतात, त्या आजूबाजूला असतात. म्हणून टक लावली की पुसट गोष्ट गायब होते आणि नजर जरा तिरकी केली की प्रकट होते. त्याच पेशींना रंग कळत नाहीत, म्हणून सगळं राखाडी. मी शेजारच्या रिकाम्या अंधाराकडे बघितलं आणि कडेला दोन डाग उमटले, एक मोठा, एक लहान. सरळ बघितलं, गेले. तिरकं बघितलं, आले! मी मोठ्याने किंचाळले असणार, कारण गावाकडची कुत्री भुंकायला लागली. दोन दीर्घिका, एकमेकींना ओढत असलेल्या. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना आपल्या बहात्तर इंची दुर्बिणीतून इथे पहिल्यांदा सर्पिल आकार दिसला. मला सर्पिल काही दिसला नाही, पण थोरल्या डागाच्या कडा सारख्या नव्हत्या एवढं मात्र मी ठामपणे सांगेन. बघणं शिकावं लागतं, आणि एका रात्रीतच ते वाढत जातं: आठ वाजता मला जे दिसत नव्हतं ते अकरा वाजता सहज दिसत होतं.

फाल्गुनाच्या अखेरीस एक गंमत असते. मेसियेच्या यादीतल्या सगळ्या ११० वस्तू एकाच रात्रीत गाठण्याची शर्यत हौशी मंडळी याच सुमारास लावतात. मला ती कल्पना मुळीच पटली नाही. पंक्तीत पानावर पान वाढत धावल्यासारखं वाटतं, जेवायचं कधी?

उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला, कन्या राशीकडे, मामांनी दुर्बीण अगदी हळू सरकवायला लावली. एक डाग. शेजारी दुसरा. सरकवलं, आणखी एक. एवढ्याशा तुकड्यात हजाराहून जास्त दीर्घिकांचा मेळा आहे आणि प्रत्येकीत अब्जावधी तारे. "हा मेसिये ८७," मामा म्हणाले. म्हणजे तोच, ज्याच्या पोटातल्या कृष्णविवराचा फोटो २०१९मध्ये जगभर छापून आला! साडेसहा अब्ज सूर्यांच्या वजनाचं विवर, आणि मी माणदेशातल्या माळावर चप्पल घालून त्याच्या घराकडे बघतेय. अंतर पाच कोटी प्रकाशवर्षांहून थोडं जास्त. मी पायाखाली बघितलं. काळा दगड, आपला नेहमीचा, सह्याद्रीचा. हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे तो प्रकाश तिकडून निघाला तेव्हा दख्खनचा हा दगड थंड होऊन जुना झाला होता! हे लक्षात आलं आणि मी तिथेच खाली बसले.

तेवढ्यात बांधावरून भगभगीत बॅटरी आली. शेतातल्या मोटरीला वीज रात्रीची, त्यामुळे कुणीतरी पाणी द्यायला निघालं होतं. आमच्या डोळ्यांची तयारी एका झोतात उडाली. पण मामांनी त्यांनाही बोलावलं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. "काय दिसतंय?" मामांनी विचारलं. "धूरच दिसतोय वो गुरुजी." "पाच कोटी वर्षांचा आहे तो." ते पुन्हा वाकले, आणि या वेळी मोटरीची आठवण होईपर्यंत उठले नाहीत.

दीड वाजता दक्षिणेला. क्षितिजाजवळ त्रिशंकू, आणि त्याच्या डाव्या अंगाला वर, जेमतेम पंचवीस अंशांवर, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा एक फुगीर तारा. टॉलेमीने त्याला ताराच मानलं होतं. १६७७मध्ये एडमंड हॅली सेंट हेलेना बेटावर गेला तेव्हा त्याला ते काही निराळं प्रकरण वाटलं. मेसियेच्या यादीत हे नाही, कारण तो पॅरिसला बसला होता आणि तिथे हा कधी उगवतच नाही. आपल्याकडे उगवतो! नाव ओमेगा सेंटॉरी. मी वाकले आणि पुसट डागाची वाट बघायला लागले, तर आयपीस काठोकाठ भरलेलं. डाग नव्हे, तारे. टाचणीच्या टोकाएवढे, सुटे सुटे, मधोमध इतके दाटलेले की मोजायला धजू नये. सतरा हजार प्रकाशवर्षांवर सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा. २०२४मध्ये हबलच्या छायाचित्रांतून त्याच्या गाभ्याजवळ अतिवेगाने धावणारे सात तारे सापडले. त्यांच्या वेगावरून तिथेही एक कृष्णविवर असावं असा निष्कर्ष निघाला, किमान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं. तिरकं बघायची गरज नव्हती. सरळ बघितलं तरी ते कुठे जात नव्हतं. दुर्बीण ढकलायला विसरले की पृथ्वीच्या फिरण्याने सगळा गोळा आयपीसमधून हळूहळू पलीकडे निघून जायचा, मी परत धरून आणायचे, आणि मैत्रीण घोंगडीत गाढ झोपलेली.

पहाटे वृश्चिक दक्षिणेला वर चढून आला, मागोमाग धनू, आणि आकाशगंगेचा पट्टा. तिकडे तर पाऊल टाकीन तिथे काहीतरी आहे म्हणतात. ते नीट बघेपर्यंत पूर्व फिकी झाली.

आता हिशोब असा आहे की मृगाचा पाऊस लागेपर्यंत अमावास्या फार थोड्या उरल्यात, मग चार महिने आभाळ बंद. "पावसाळ्यात काय करता?" मी चहा पिताना विचारलं. "काच घासतो," मामा म्हणाले. मी लगेच सांगून टाकलं की मीही घासणार, आणि आठ नाही, दहा इंची.

"सहापासून सुरू कर," मामा म्हणाले, आणि मामींना गुढी उभारायला मदत करायला उठले.