दिंद्रुड व्हाया पुणे

वीकेंडला लोणावळा-महाबळेश्वर सोडून कुणी दिंद्रुडला जातं का? मी गेलो. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं हे माझ्या मावशीचं गाव. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. सगळीकडे काळं रान, जुलैतला कापूस जेमतेम वीतभर. चहा 'बिनसाखरेचा' मागितलात तर हॉटेलवाला आधी तब्येतीची चौकशी करतो.

यावेळचं निमित्त जरा सीरियस होतं. मावसबहीण माजलगावातून बीएस्सी झाली आणि घरात जाम टेन्शन. एमएस्सी पुण्याला की छत्रपती संभाजीनगरला? निकाल द्यायचा 'पुण्यातल्या दादा'नं, म्हणजे मी!

"पुण्याचं नाव लागलं की पाव्हणे उठून उभे राहतेत," काकांनी ओसरीवरच सांगून टाकलं.

नावाचा हा फंडा एकट्या काकांचा नाही. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तोवर इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. बाहेरचं ते भारी, ही सवय तेव्हापासूनची असावी. पण त्याच्याही आधी, 1950 मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं. तेव्हा त्याला कसलं आलंय रँकिंग! गावकुसाबाहेरची पोरं नागसेनवनात राहिली, वाचू लागली, भांडली, लिहिती झाली. दलित साहित्याची एक मोठी धार तिथून निघाली. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातलं.

बहिणीला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. तिनं कॅम्पस मात्र पाहिला होता. युवक महोत्सवाला लोकनाट्याच्या टीमबरोबर ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात चार दिवस राहून आली होती. मागे लेण्यांचे डोंगर, रात्री उशिरापर्यंत तालमी, ढोलकी.

"दादा, तिथं माझं बोलणं ऐकून कुणी हसलं नाही."

मी गप्प. मीही बीडकडचाच. पुण्यात नावाजलेल्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात 'म्हणायलो' म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. पुढची तीन वर्षं मी फक्त हजेरीला तोंड उघडलं. 1963 पासून पुण्यात 'पुरुषोत्तम करंडक' गाजतोय. मी भरत नाट्य मंदिराबाहेर चहा पिऊन रूमवर परत यायचो. आता खरं सांगायचं तर पहिला इंटरव्ह्यू कॉल त्या नावामुळेच आला. हेही तिला सांगितलं, लपवलं नाही.

मग तिनं विचारलं, "लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत असते? तालमीवरून उशिरा होस्टेलला येऊ देतात का? आपल्याकडची पोरं कुठं बसतात?"

एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. मावशी आतून म्हणाली, "मग तीन वर्षं काय केलास रे बाबा?"

रविवारी नेट कॅफेत दोन्ही फॉर्म भरले. पुण्याची फी मी दिली, संभाजीनगरची तिनं साठवलेल्या पैशातून. दोन कशाला, काकांनी विचारलंच.

"एक जागा बघितली, दुसरी बघून येते."

पुढच्या शुक्रवारी ती माझ्याकडे येतेय. मीही रजा टाकलीय. पुणे विद्यापीठात मुलींचं होस्टेल नक्की कुठल्या बाजूला आहे, ते मलाही शोधावं लागणार.