आधी किंगपिन, मग ब्रेक

डेल्फ्टच्या दक्षिणेला, स्खी कालव्याच्या काठाने, स्खीऊव्हर्स हा कारखान्यांचा भाग आहे. तिथल्या एका भाड्याच्या शेडमध्ये माझ्या डच मित्राची १९५६ ची फोर्ड एफ-१०० पिकअप उभी असते. संध्याकाळी ऑफिसातून सुटलो की सायकल तिकडे वळते. गाडीला पुढे आय-बीमचा अखंड अ‍ॅक्सल, त्यावर पाटे, चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा आणि तोही फ्लोअरखाली. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मित्राला पुढे डिस्क ब्रेक हवेत. बरोबर आहे त्याचं. पण सुरुवात डिस्कपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे.

*

गाडीचं दुखणं असं: एन-४७० वर साठ-सत्तरच्या वेगात रस्त्याच्या एखाद्या सांध्यावरून पुढचं चाक गेलं की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. सांधा मागे पडतो, थरथर थांबत नाही. वेग बराच खाली आणला तरच शांत होते. आपल्याकडे जुन्या जीपवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. 'पुढची चाकं वॉबल मारतात' म्हणतात. पुस्तकात याचं नाव शिमी.

*

आणि याच गावात शिमीवर आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेला माणूस होऊन गेला. हान्स पाचेयका. १९६६ साली त्यांनी इथल्या तंत्रविद्यापीठात (तेव्हाचं नाव टेक्निसे होखेस्खोल) डॉक्टरेट मिळवली, ती चाकाच्या शिमीवरच. पुढे इथेच प्राध्यापक झाले. टायरचं गणित करणारे जगभरचे इंजिनियर त्यांचं 'मॅजिक फॉर्म्युला' हे समीकरण रोज वापरतात. व्होल्वोच्या अभियंत्यांबरोबर केलेल्या कामातून ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या मुळाशी भौतिकशास्त्राचा एखादा नियम नाही. चाचणीत मिळालेल्या वक्ररेषेला चपखल बसणारं सूत्र, म्हणून मॅजिक. चार मुख्य सहगुणक, एक साइन आणि आर्कटॅन, आणि टायर किती घसरला की किती धरून ठेवतो ते कळतं. मला स्वतःला त्या सूत्रापेक्षा १९६६ चा प्रबंध जास्त मोठा वाटतो. शेडमधल्या गाडीशी त्याचाच थेट संबंध आहे.

कारण प्रश्न असा आहे की थरथरीला ताकद येते कुठून? सांधा तर मागे गेला. उत्तर टायरमध्ये आहे. चाक वळलं की आडवं बल लगेच येत नाही. टायर थोडं अंतर गडगडल्यावर ते पुरतं तयार होतं. हा उशीर नेमका असा पडतो की चाक उलटं फिरायला लागलं तरी बल आधीच्या दिशेनेच ढकलत राहतं. गाडी पुढे जाते आहे तोवर प्रत्येक हेलकाव्याला त्या गतीतलीच थोडी ऊर्जा मिळत राहते. त्यात आपला अ‍ॅक्सल अखंड. एक चाक उचललं की दोन्ही कलतात, आणि फिरतं चाक कललं की भोवऱ्याच्या न्यायाने ते किंगपिनभोवती, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्याभोवती, वळायला बघतं. १९३४ च्या सुमारास जनरल मोटर्सने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली, त्यामागे जी कारणं होती त्यांत हे एक मोठं.

गाडीच्या सांध्यांतला ढिलेपणा या सगळ्याला मोकळं रान देतो.

*

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. डिस्कचं बोलायला लागलो तर म्हणाले, "साहेब, आधी किंगपिन बघा की! ब्रेक कुठं पळून जातोय?"

*

किंगपिन बघायची रीत. चाक जॅकवर उचलायचं, एक हात वर, एक खाली, आणि आत-बाहेर हलवायचं. खट्ट वाजलं तर प्ले आहे. पण कशात? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल. राहिला तर किंगपिन. आमच्या गाडीत डावीकडे तो तसाच राहिला. पिन बाहेर काढली तेव्हा खालच्या बुशच्या जागी पितळी रंगाचा पापुद्रा तेवढा उरला होता, ग्रीसची वाट वाळलेल्या काळ्या खळीने बुजलेली. नवीन बुश दाबून बसवल्यावर वरच्या-खालच्या दोन्ही बुशांतून रीमर एका रेषेत फिरवावा लागतो. पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. हे काम घाईचं नाही.

*

पाट्यांचे शॅकल बुश, टाय रॉडची टोकं, स्टेअरिंग बॉक्समधला प्ले. हे ओघाने आलंच. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे असलेला कल, कमी असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात पाचर घालतात. मात्र जास्त कॅस्टर शिमीला उलट खतपाणी घालतो.

*

ब्रेकचं गणित. गाडी साधारण दीड टन. ऐंशीच्या वेगावरून थांबवायची तर सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडली पाहिजे. म्हणजे नळाचं लिटरभर थंड पाणी उकळीला येईल एवढी, आणि तीही काही सेकंदांत. यातला मोठा वाटा पुढचे ब्रेक उचलतात, कारण ब्रेक दाबताच वजन पुढे येतं. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, लायनरची पकड ढिली होते, पायडल खाली जातं. डिस्क उघड्या हवेत असते आणि इथल्या रोजच्या पावसात ओली झाली तरी पॅड ती पुसून काढतात. १९५३ ची ल माँ शर्यत जग्वारने डिस्कच्या जोरावर जिंकली. फोर्डने एफ-१०० ला पुढे डिस्क दिल्या त्या १९७३ च्या मॉडेलपासून.

*

ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, तेवढी फुकटची मदत मिळते. डिस्कला ती नाही. म्हणून दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर. जुन्या मास्टर सिलेंडरवर डिस्क बसवून 'पायडल दगडासारखं लागतं' अशी तक्रार करणारे भेटतात. शिवाय सिलेंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला. तेल मागे उतरू नये म्हणून पुढच्या लाइनला दोन पीएसआयचा आणि मागच्या ड्रमला दहा पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. आणि आता सर्किट दोन. यात तडजोड नाही.

*

पुढचा अख्खा भाग कापून मस्टँग-टू धर्तीचा सुटा सस्पेन्शन वेल्ड करण्याचा पर्याय मित्राने पुढे केला होता. अमेरिकेत सर्रास करतात. मूळ रचना १९७४ च्या एका लहान कारची. चांगल्या कारागिराने केली तर गाडी सुंदर चालते, यात शंका नाही. पण चॅसीवरचा वेल्ड हा जिवाशी गाठ असलेला वेल्ड आहे. शिवाय चॅसी, अ‍ॅक्सल, स्टेअरिंग, ब्रेक यांची मूळ रचना बदलायची तर वाहननोंदणी खात्याची, म्हणजे आरडीडब्ल्यूची मंजुरी लागते. त्याचं मुख्य कार्यालय शेजारच्याच झूटरमेरला. काम सुरू करण्याआधी त्यांना विचारणं सगळ्यात स्वस्त.

दुसरीकडे, ५० वर्षांपुढच्या गाडीला एपीके ही ठरावीक काळाने होणारी तपासणी इथे २०२० पासून माफ आहे. मला ही सवलत काळजीत टाकते. कोणी बघणार नाही म्हटल्यावर किंगपिन बघायचं काम पूर्णपणे मालकावर येतं.

आपल्याकडे तर जानेवारी २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करायला फारशी जागाच नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांतही पन्नाशी उलटलेल्या गाडीची चॅसी, बॉडी आणि इंजिन मुळाबरहुकूम हवं.

*

ठरलं ते असं: आय-बीम राहणार. नवीन किंगपिन, नवीन बुश, मूळ स्पिंडलवरच डिस्कचा हब आणि कॅलिपरचा ब्रॅकेट. जुनी रिम कॅलिपरला घासते का, हे पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून बघायचं.

*

पिकअपची खरी अडचण मागे आहे. हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी. पुढे जोरदार डिस्क आणि मागे मूळचे ड्रम तसेच, म्हणजे ओल्या विटांच्या रस्त्यावर मागचं चाक आधी लॉक होऊन गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जाण्याची भीती. त्यासाठी मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. तो रिकाम्या हौद्यावर सेट करायचा, मोकळ्या आवारात, कमी वेगात, रस्ता ओला असताना. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. भरल्या गाडीला मागचा ब्रेक मग थोडा कमी पडेल, ते चालेल.

*

शनिवारची कामं: सगळ्यात लांबच्या चाकापासून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे. टो-इन पुन्हा मोजणे. नवीन पॅड रुळवण्यासाठी मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक, मध्ये थंड होऊ देणे, गाडी पूर्ण थांबवून पायडल दाबून धरायचं नाही. मग एन-४७० चा तोच सांधा, आधी पन्नासने, नंतर सत्तरने.