डब्यातला पाऊस

आषाढातली रात्र होती. महाड तालुक्यात डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका लहानशा गावात पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता. अकराच्या सुमारास गुरुजींचा फोन वाजला. वरच्या वाडीवरून विचारणा होती, "गुरुजी, किती झाला? निघायचं का शाळेत?"

गुरुजींनी चष्मा लावला, भिंतीवरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "अडतीस मिलिमीटर. काळजीचं कारण नाही. निवांत झोपा."

वाडी झोपली. गुरुजीही झोपले.

या प्रश्नोत्तराला एक इतिहास होता. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात वरच्या वाडीला धड झोप नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं निवृत्त वडिलांना घरगुती हवामानयंत्र आणून दिलं. अंगणात खांबावर पर्जन्यमापक आणि घरात आकडे दाखवणारा पडदा. मग वाडीनंच ठरवून टाकलं, एका रात्रीत शंभर मिलिमीटरची वेस ओलांडली की अंथरुणं गुंडाळून शाळेत जायचं. चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या माणसाच्या आकड्यावर अविश्वास कोण दाखवणार?

सकाळी पाऊस थोडा ओसरला. पडद्यावर ६२चा आकडा होता. तेवढ्यात अंगणातून काकींची हाक आली, "अहो, इकडे या जरा. काल संध्याकाळी हा डबा रिकामा करून ठेवला होता मी. बघा केवढा भरलाय!"

तो होता तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा, वरचं झाकण पूर्ण कापलेला. गुरुजींनी सवयीनं फूटपट्टी आणली आणि पाण्यात उभी धरली. सोळा सेंटिमीटर! उभ्या, सरळ भिंतींचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवलं तर त्यात जितकी उंची पाणी चढतं, तितकाच पाऊस. सोळा सेंटिमीटर म्हणजे १६० मिलिमीटर.

गुरुजींनी आधी मनाची समजूत घालून पाहिली. पाऊस जागोजागी वेगळा पडतोच की! २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर होता. पण ती दोन ठिकाणं कोसोगणती दूर. इथे डबा आणि यंत्र यांच्यात दहा पावलांचं अंतर! हिशेब मांडताच त्यांच्या हातातली फूटपट्टी थरथरली. यंत्र ज्या प्रमाणात कमी दाखवत होतं, त्या प्रमाणात रात्री अकरालाच शंभरी भरत आली होती. आणि त्यांनी वाडीला सांगितलं होतं, निवांत झोपा.

मुलानं फोनवरून धीर दिला. "बाबा, आधी पाणी मोजून ओता. दोष यंत्राच्या आत आहे की बाहेर, ते कळेल."

हा हिशेब तर सातवीच्या मुलालाही जमावा. पर्जन्यमापकाचं तोंड सोळा सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी जमतं वीस मिलिलिटर. म्हणजे दोनशे मिलिलिटर पाणी ओतलं तर पडद्यावर दहाचा आकडा यायला हवा. मात्र पाणी भसकन ओतायचं नाही. काकींनी प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडून दिलं. थेंब थेंब करत पाणी संपायला अर्धा तास लागला.

पडद्यावर आकडा आला चार.

गुरुजींनी झाकण उघडलं. आत मुलांच्या बागेतल्या सी-सॉसारखी दोन चिमुकल्या पन्हाळ्यांची जोडी असते. एक पन्हाळी भरली की कलंडते आणि दुसरी धारेखाली येते. प्रत्येक कलंडण्याला पडद्यावर ०.२ मिलिमीटरची भर पडते. कुंभारमाशीनं नेमकं एका पन्हाळीखाली मातीचं घर बांधलं होतं. सी-सॉ अर्ध्यावर अडत होती आणि पाणी न मोजताच काठावरून वाहून जात होतं. गाळणीच्या भोकाशी आंब्याचं कुजलेलं पान होतं, कोळ्याचं जाळं होतं, पक्ष्याची विष्ठा होती.

मऊ ब्रशनं सगळं साफ केल्यावर आकडा साडेआठवर आला. मग गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली, तर खांबच एका बाजूला कललेला. तो सरळ करून पक्का रोवला, तेव्हा साडेनऊ. बाकीची कसर पन्हाळ्यांखालच्या छोट्या स्क्रूनं भरून काढली.

तरी एक गोष्ट उरलीच होती. परीक्षेत पास झालेलं यंत्रसुद्धा चुकीच्या जागी ठेवलं तर चुकीचंच सांगणार. खांब घराच्या पाख्याला लागून होता आणि डोक्यावर फणसाची फांदी होती. आडोसा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावा, असा दंडक आहे. गुरुजींनी यंत्र उघड्या खळ्यात नेलं.

कामात बुडालेल्या गुरुजींना एक गोष्ट मात्र सतत टोचत होती. पान अडकलं, जाळं धरलं, वाऱ्यानं थेंब उडवले, तर बहुतेक वेळा आकडा कमीच येतो. आणि कमी आकडा ऐकायला गोड वाटतो, म्हणून त्याची शंका कुणाला येत नाही. बिघडलेलं यंत्र बंद पडलं असतं, तर गुरुजी बाहेर डोकावले असते. ते चालू होतं, म्हणूनच फसगत झाली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याचं कुंड कोठाराच्या दारात ठेवायला सांगितलं आहे. जिथे धान्य, तिथेच पावसाचं माप, येत्याजात्याच्या नजरेसमोर! त्याच ग्रंथात अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस अमाप म्हटला आहे. अमाप पावसाच्या या मुलखात माप चुकणं किती महाग पडलं असतं, हे गुरुजींना आता कुणी सांगायला नको होतं.

दुपारी ते काठी टेकत वरच्या वाडीवर गेले. सगळ्यांना बोलावून त्यांनी सरळ सांगितलं, "रात्री मी चुकीचा आकडा दिला. दैवानं वाचलो."

कुणी रागावलं नाही. दारात बसलेली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "पावसाचा आवाज आम्हाला कळत होता, गुरुजी. पण तुम्ही म्हणालात, म्हणून झोपलो."

ते वाक्य गुरुजींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी त्याचा उपयोगही केला. आता खळ्यात यंत्राशेजारी साधा नळकांड्याचा पर्जन्यमापक उभा आहे. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, ते त्यातलं पाणी मोजतात आणि दोन्ही आकडे वहीत लिहितात. दोन्हींत फरक दिसला की आधी ब्रश घेतात, मगच चहा. वाडीवरही आता नुसत्या आकड्याची वाट पाहायची नाही, असं ठरलं आहे. जमिनीला भेग दिसली, झाड कललं किंवा ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर पडदा काहीही म्हणो, शाळा गाठायची.

तेलाचा डबा मात्र काकींनी अंगणातून हलवू दिलेला नाही. पाऊस वाढला की रात्री त्या बॅटरी आणि फूटपट्टी घेऊन बाहेर जातात. आणि फोन वाजला की पडद्याकडे वळणारे गुरुजी आधी दाराकडे पाहून विचारतात, "अहो, डबा काय म्हणतो?"