उशीवरची वरात

मुलांनो, उशी म्हटलं की आपल्याला झोप आठवते. पण एका उशीच्या चित्रानं माझी झोपच उडवली! त्या अभ्र्यावर चक्क लग्न लागलं होतं. मधोमध नटलेले नवरा-नवरी, शेजारी वऱ्हाडी, आणि जिथे म्हणून जागा उरली तिथे फुलं आणि पक्षी. सगळं रंगीत रेशमानं भरलेलं!

हे अभ्रे एपिरसचे. ग्रीसच्या वायव्येचा हा डोंगराळ भाग. तिथलं यानिना शहर १४३० ते १९१३ पर्यंत ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्यात होतं. सतराव्या-अठराव्या शतकात तिथे नवरीसाठी अशा उशा भरत. स्कायरॉस बेटावरच्या बायका तर कापडावर शिडाची जहाजं आणि तुरेवाले कोंबडेही काढत. डोळ्यांना दिसेल ते सुईत!

फुलं मात्र इस्तंबूलच्या ओळखीची. ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब. सुलतान सुलेमान (१५२० ते १५६६) याच्या दरबारात कारा मेमी नावाचा चित्रकार होता. बागेतली खरीखुरी फुलं त्यानं नक्षीत आणली. मग ती रेशमी वस्त्रांवर, इझनिकच्या फरशांवर आणि घरोघरच्या कापडांवरही फुलली. तुर्कीत ट्यूलिपला 'लाले' म्हणतात आणि गुलाबाला 'ग्युल'. आपल्या 'गुलाबा'तला 'गुल' तो हाच बरं का! दोन्हीकडे तो फारसीतून आला.

तुर्की घरात भरतकाम कशावर नसे? हात पुसायचा पंचा, रजईचा वरचा पदर, पागोट्यावर घालायचं झाकण, कपडे बांधून ठेवायचा चौकोनी रुमाल. या रुमालाला ते 'बोहचा' म्हणतात. आपलं बोचकं आठवलं ना? पंचाच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून टाकाही असा घालत की उलट-सुलट ओळखूच येऊ नये. आपल्याकडे रुखवत मांडतात, तसा तिकडे 'चेयिझ' मांडत. मुली त्यासाठी लहानपणापासून सुई हातात धरत.

मला सगळ्यात आवडली ती एक गंमत. माग अरुंद असत. त्यामुळे मोठ्या रजईसाठी तीन-चार पट्टे वेगवेगळे भरून मग जोडावे लागत. कापडावर आधी शाईनं नक्षी रेखून घेत, तरी जोडाशी फुलाचा अर्धा भाग पुष्कळदा वर-खाली होई. एक पाकळी इकडे, दुसरी बोटभर खाली! तो जोड पाहिला की वाटतं, इथे माणसाचा हात होता.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिच्या रुखवतातल्या रुमालावर दोन पोपट आहेत आणि खाली 'सुस्वागतम्' अशी अक्षरं. कुणीतरी पेन्सिलीनं रेखून दिली आणि तिनं ती साखळी टाक्यानं भरली. तिच्या दृष्टीनं तीही पोपटासारखी नक्षीच! त्यातला 'स्व' थोडा खाली घसरलाय. आई म्हणते, "आजीचा तो रुमाल ना, लगेच ओळखू येतो." कापडावर नाव नाही. हे आईला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आमच्यानंतर?

संग्रहालयांतल्या अशा कापडांची पाटी वाचा. गाव असतं, शतक असतं, धागा कोणता तेही असतं. भरणारीचं नाव मात्र बहुधा नसतंच. जिनं ती वरात टाका-टाका करून सजवली, ती मुलगी कोण होती? तिला कुणी नावानं हाक मारत असेलच ना! पण ते लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून परवा मी एक छोटी चिंधी घेतली. तिच्यावर आजीचं नाव, गाव आणि लग्नाचं साल लिहिलं आणि ती रुमालाच्या मागच्या बाजूला दोन टाक्यांनी टाचली. तुमच्याही घरी ट्रंकेच्या तळाशी असं काही असेल. आजीला, पणजीला विचारा. आणि विचारायला उशीर करू नका. रेशीम तीनशे वर्षं टिकतं, आठवण तेवढी टिकत नाही.