भिंतीवरचा निरोप

लोखंड वितळवणारी झोतभट्टी एकदा पेटली, की ती वर्षानुवर्षे धगधगत ठेवावी लागते. रात्र असो, सण असो वा मुसळधार पाऊस असो, तिला खनिज, कोक आणि तप्त हवा यांचा पुरवठा अखंड करावा लागतो. म्हणूनच अशा भट्टीभोवती वसलेल्या नगराचे घड्याळ इतर गावांपेक्षा वेगळे चालते. छत्तीसगडमधील भिलाई हे असेच एक नगर आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्यासाठी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे कामाला आली. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती.

कारखान्याचे काम तीन पाळ्यांत चालते आणि त्याबरोबर घरेही तीन पाळ्यांत चालतात. पहाटेच्या पाळीला कोणी बाहेर पडतो, तेव्हा मुले गाढ झोपेत असतात. रात्रपाळी संपवून कोणी परततो, तेव्हा मुले शाळेत गेलेली असतात. एका छपराखाली राहणारी माणसे दोन-दोन दिवस एकमेकांशी निवांत बोलत नाहीत. मग आजीच्या औषधाची वेळ, शाळेच्या फीची शेवटची तारीख, दुधाचा हिशेब असे सारे निरोप चिठ्ठ्यांवर येतात. चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने उडते, डब्याखाली भिजते. निरोप हरवतो आणि दोष मात्र माणसावर येतो. आज हातोहाती मोबाइल आहे हे खरे. परंतु मोबाइल एकाच्या खिशात असतो, भिंत सर्वांची असते.

सर्वांसाठी लिहिण्याची ही रीत मराठी माणसाला नवी नाही. चौकातील वार्ताफलक आणि शाळेतील भित्तिपत्रक ही त्याच रीतीची रूपे होत. घरातील सूचनाफलक हे त्यांचेच धाकटे भावंड.

बाजारात मिळणारे फलक बहुधा बुचाच्या लाकडाचे असतात. बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल. ती मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमधून येते. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर ती प्रथम काढतात आणि पुन्हा काढण्यासाठी साधारण नऊ वर्षे थांबावे लागते. साहजिकच ती महाग पडते. थर्माकोल स्वस्त असते, पण पुन्हा पुन्हा टाचण्या टोचल्याने त्याचा भुगा होतो आणि टाकून दिल्यावर ते कुजतही नाही. या दोहोंचे काम घरातला पुठ्ठा आणि जुनी सुती चादर उत्तम करू शकतात.

शीतकपाटाच्या किंवा दूरदर्शन संचाच्या खोक्यातून ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असे चार तुकडे कापावेत. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. एका थराच्या नळ्या उभ्या आल्या, तर दुसऱ्या थराच्या आडव्या याव्यात. म्हणजे फलक वाकत नाही. थर फेव्हिकॉलने चिकटवून त्यांवर पुस्तकांचे वजन रात्रभर ठेवावे. मैद्याची खळ आणखी स्वस्त पडते. मात्र तिला झुरळे आणि कसर लागते. म्हणून पुस्तकबांधणी करणारे जुने कारागीर खळीत मोरचूद मिसळत. मोरचूद विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या घरात फेव्हिकॉलच बरे.

कापड नवे असल्यास ते आधी धुऊन घ्यावे, कारण सुती कापड आटते. इस्त्री केल्यावर फलकाच्या चारही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जास्त राहील असे ते कापावे. प्रथम चारही बाजूंचे मध्यबिंदू मागे दुमडून चिकटवावेत आणि तेथून कोपऱ्यांकडे सरकत जावे. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर विणीचे धागे तिरपे होतात आणि सुरकुत्या पडतात. समोरच्या बाजूला डिंक लावू नये; तो कापडावर डाग पाडतो. मागे मजबूत सुतळी बांधून फलक दाराजवळ, सर्वांची नजर पोहोचेल अशा उंचीवर टांगावा. पावसाळ्यात ओल येणारी भिंत मात्र टाळावी.

कापडाचा मोठा गुण असा, की टाचणी शिरताना धागे बाजूला सरकतात आणि ती काढल्यावर बोटाने चोळताच बहुतेक पुन्हा जुळतात. कागदाला पडलेले छिद्र तसेच राहते. लहान मूल घरात असल्यास टाचण्यांऐवजी फलकावर तिरप्या नाड्या ताणून बांधाव्यात आणि त्यांत चिठ्ठ्या अडकवाव्यात.

फलक तयार झाला, तरी त्याचे खरे काम त्यानंतर सुरू होते. शिळे कागद रोज काढले नाहीत, तर ताजा निरोप त्यांत लपतो आणि चार दिवसांत फलकाकडे कोणी पाहीनासे होते. ज्याचे काम झाले, त्याने आपली चिठ्ठी स्वतः काढावी, हा नियम लहान-थोर सर्वांनी पाळावा.

अशा घरात बहुतेक चिठ्ठ्या गृहिणीच्या अक्षरातल्या असतात, पण त्या इतरांच्या कामांच्या असतात. ती मुक्त विद्यालयातून दहावीला बसली, तर तिला घंटा वाजवून वर्गात बोलावणारे कोणी नसते. अभ्यासाची वेळ तिला स्वतःच राखावी लागते, आणि घरच्यांनी ती मोडू नये म्हणून ती त्यांना ठाऊकही असावी लागते. तेव्हा फलकावर प्रथमच तिच्या स्वतःच्या कामाची चिठ्ठी लागते. तीवर परीक्षेची तारीख असते आणि त्याखाली, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात, त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार हे लिहिलेले असते.